लाळेच्या वाटेंतील खडा

आपल्या मराठी भाषेनें लाळेला फारसा मान दिलेला नाहीं. कोणी श्रीमंताच्या मागें मागें फिरूं लागला म्हणजे तो लाळ घोटतो असें आपण तिरस्कारानें म्हणतों. परंतु हीच भाषा असेंहि सांगते कीं, चिंचेचें नांव काढतांच तोंडाला पाणी सुटतें, भीति वाटली कीं घशाला कोरड पडते आणि संकट कोसळलें म्हणजे तोंडचें पाणी पळतें. तोंडांतील हें पाणी आटलें म्हणजे मनुष्याची दशा काय होते, हें आपल्या पूर्वजांस चांगलें ठाऊक होतें. ह्या लेखांत त्या पाण्याचे झरे कोठें आहेत, त्यांच्या वाटा कोणीं शोधिल्या, त्या वाटेंत खडा अडकला तर काय होतें, आणि तो काढण्यासाठीं गेल्या तीस-पस्तीस वर्षांत वैद्यकानें कोणती नवी युक्ति काढिली आहे, ह्याचा विचार करावयाचा आहे. विषय लहान दिसतो. पण ज्या घरांत एखादें मूल जेवावयास बसलें कीं गाल धरून रडूं लागतें, त्या घराला तो लहान वाटत नाहीं.

झरे आणि त्यांच्या वाटा

ओठ, गाल व टाळू ह्यांच्या अस्तरांत लाळेच्या शेंकडों बारीक ग्रंथी विखुरलेल्या आहेत. तथापि मुख्य पुरवठा होतो तो तीन जोड्यांकडून. पहिली व सर्वांत मोठी जोडी दोन्ही कानांच्या पुढें व खालीं असते. गालगुंड झालें म्हणजे जी सूज दिसते ती हिचीच. दुसरी जोडी खालच्या जबड्याच्या हाडाच्या आंतल्या अंगास असते. तिसरी, सर्वांत लहान, जिभेच्या खालीं तोंडाच्या तळाशीं असते. ह्या सर्व ग्रंथी मिळून दिवसाकाठीं साधारणपणें अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करितात.

लाळेचे शंभर भाग केले तर सुमारें नव्याण्णव भाग पाणीच असतें. उरलेल्या एका भागांत मात्र पुष्कळ कारभार भरलेला आहे. त्यांत पिठूळ पदार्थांचें साखरेंत रूपांतर करणारें द्रव्य आहे. म्हणूनच ज्वारीच्या भाकरीचा तुकडा बराच वेळ चावीत राहिलें तर तो गोड लागूं लागतो. जंतूंस मारक अशीं द्रव्यें आहेत. दांतांच्या कवचाची झीज भरून काढणारे चुन्याचे क्षार आहेत. शिवाय लाळेच्या ओलाव्यानें घास मऊ होऊन सुखानें गिळतां येतो, आणि जीभ मोकळी राहून बोलतां येतें. ज्यांच्या तोंडची लाळ कांहीं रोगानें आटते, त्यांचे दांत झपाट्यानें किडतात आणि कोरडा घास त्यांच्या घशांत अडकतो.

ही लाळ तोंडांत येते ती नळ्यांनीं. कानापुढील ग्रंथीची नळी सुमारें पांच सेंटिमीटर लांब असून गालाच्या स्नायूंतून आरपार येऊन वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडते. जबड्याखालील ग्रंथीची नळी जवळजवळ तितकीच लांब. ती जिभेखालून पुढें येऊन जिभेला तळाशीं बांधणाऱ्या पातळ पडद्याच्या दोहों बाजूंस एकेका बारीक उंचवट्यावर उघडते. ह्या नळ्यांची रुंदी दीड मिलिमीटरहून क्वचितच अधिक भरते. त्यांचें मुख तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे बारीक सुईच्या नेढ्याएवढें असतें. एवढ्याशा छिद्रांतून जेवणाच्या वेळीं केवढा पुरवठा होतो!

ज्यांनीं वाटा शोधिल्या

जबड्याखालील ग्रंथीच्या नळीचें वर्णन थॉमस व्हार्टन नांवाच्या इंग्रज वैद्यानें इ. स. १६५६ मध्यें ग्रंथींवरील आपल्या ग्रंथांत केलें. पुढें १६६५ सालीं लंडनमध्यें प्लेगानें हाहाकार उडविला, तेव्हां अनेक वैद्य शहर सोडून गेले. व्हार्टन मात्र आपल्या जागीं राहिला. त्याचें नांव आजहि त्या नळीला चिकटून आहे.

दुसऱ्या नळीची कथा विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १६६० सालच्या एप्रिल महिन्यांत नील्स स्टेन्सेन नांवाचा डेन्मार्क देशाचा बावीस वर्षांचा विद्यार्थी ॲमस्टरडॅम शहरीं मेंढीच्या डोक्याचें विच्छेदन करीत होता. कानाजवळच्या ग्रंथींतून निघालेल्या एका बारीक नळींत त्यानें सळई घातली. ती पुढें सरकत गेली आणि तिचें टोंक दांतांवर आपटून किणकिण आवाज झाला. तो आवाज म्हणजेच शोध होता; नळीचें दुसरें तोंड मुखांत उघडतें हें त्या क्षणीं सिद्ध झालें. त्याचे शिक्षक गेरार्ड ब्लासियस ह्यांना प्रथम तें पटलें नाहीं. पुढें लायडन येथील प्राध्यापक सिल्व्हियस ह्यांनीं मानवी देहांत तीच नळी दाखविली, तेव्हां ब्लासियस शोधाचा मान स्वतःकडे घेऊं लागले. मोठा वाद झाला. पण शेवटीं नळीला नांव राहिलें तें विद्यार्थ्याचें.

स्टेन्सेन तेथेंच थांबला नाहीं. खडकांचे थर एकावर एक कसे सांचतात ह्याचे नियम त्यानें १६६९ सालीं प्रसिद्ध केले आणि भूगर्भशास्त्राचा पाया घातला. नंतर तो धर्मसेवेकडे वळला, १६७७ सालीं बिशप झाला, आणि अत्यंत गरिबीनें राहून १६८६ सालीं वारला. १९८८ सालीं रोमच्या पोपनीं त्यास धन्य म्हणून घोषित केलें. थरावर थर चढून दगड कसा बनतो हें सांगणाऱ्याच्याच नांवाच्या नळींत थरावर थर चढून खडा बनावा, हा एक विलक्षण योग म्हटला पाहिजे.

नळीवाटे लाळ किती व केव्हां येते ह्याची मोजदाद करून मोठें कार्य केलें तें रशियांतील इव्हान पाव्हलोव्ह ह्यांनीं. कुत्र्याच्या लाळेच्या नळीचें तोंड शस्त्रक्रियेनें गालाबाहेर आणून ते लाळेचे थेंब मोजीत. अन्न येण्यापूर्वींच, अन्नाची खूण पटतांच, लाळ सुटते हें त्यांनीं दाखविलें. पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल त्यांस १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

खडा कसा बनतो

पुष्कळांस मुतखडा ठाऊक असतो, पित्ताशयांतील खडाहि ठाऊक असतो; पण लाळेच्या नळींत खडा होतो हें फारच थोड्यांस माहीत असतें. लाळेचा ओघ मंदावला, किंवा नळींत चिकट बुळबुळीत पदार्थाची गुठळी सांचली, म्हणजे तिच्याभोंवतीं लाळेंतील क्षार बसूं लागतात. कॅल्शियम व फॉस्फेट ह्यांचे थर चढत जातात. प्रथम मोहरीएवढा, मग तांदळाच्या दाण्याएवढा आणि कधीं कधीं तुरीच्या दाण्याएवढा खडा तयार होतो.

शंभरांतील ऐशींहून अधिक खडे जबड्याखालील ग्रंथींत किंवा तिच्या नळींत सांपडतात. ह्याचीं कारणें तिच्या रचनेंतच आहेत. तिची लाळ अधिक दाट व चिकट असते, तींत कॅल्शियमचें प्रमाण अधिक असतें, आणि तिच्या नळीला खालून वर चढत जावें लागतें. उतारावरचें पाणी वाहतें, चढावरचें साठतें. साठलेल्या पाण्यांत गाळ बसतो. पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला हें समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

ह्या खड्याची खूण अगदीं ठळक आहे. एरवीं मनुष्य बरा असतो. ताट पुढें आलें, लोणच्याची फोड जिभेला लागली, कीं जबड्याखालीं किंवा कानापुढें ताण बसून सूज येते आणि दुखूं लागतें. लाळ सुटलेली असते, पण बाहेर पडण्याची वाट बंद असते. जेवण आटोपल्यावर तासा दोन तासांत लाळ हळूहळू झिरपून जाते व सूज उतरते. दुसऱ्या जेवणाला पुन्हा तोच प्रकार. असें कांहीं महिने चाललें म्हणजे कोंडलेल्या लाळेंत जंतु वाढतात. ताप येतो, कातडी लाल होते, आणि ग्रंथी दाबली असतां नळीच्या तोंडांतून पू येतो.

हें दुखणें ओळखिलें जात नाहीं, हीच खरी अडचण आहे. कोणी दाढ दुखते म्हणून चांगली दाढ काढून घेतो. कोणी थंडी बाधली म्हणून लेप लावितो. कोणी दुखेल ह्या भीतीनें जेवणच कमी करतो. रोगी वैद्याकडे जातो तेव्हां बहुधा सूज उतरलेली असते, आणि सूज जेवतांना येते हें सांगावयाचें राहून जातें. म्हणून पालकांनीं एवढें एक वाक्य ध्यानांत ठेवावें: जेवतांना येणारी आणि जेवणानंतर जाणारी सूज ही लाळेच्या नळीची तक्रार समजावी, आणि वैद्यास ती तशीच सांगावी.

तपासणी कठीण नाहीं. वैद्य हातमोजा घालून एक बोट तोंडांत व दुसऱ्या हाताचीं बोटें जबड्याखालीं ठेवून खडा चांचपतात. सोनोग्राफीनें बहुतेक खडे दिसतात. क्ष-किरणांच्या चित्रांत जबड्याखालील खडे पुष्कळ वेळां उमटतात. कानापुढील ग्रंथींतले मात्र अनेकदां उमटत नाहींत. जरूर पडल्यास सीटी स्कॅन करितात.

पूर्वींचा उपाय

खडा नळीच्या अगदीं तोंडाशीं असला तर तेथें लहानसा छेद देऊन तो काढतां येई, आणि आजहि तसें करितात. पण तो आंत खोल असला, तर दीर्घ काळपर्यंत एकच मोठा उपाय होता, तो म्हणजे मानेवर छेद घेऊन सबंध ग्रंथीच काढून टाकणें. ह्या ग्रंथींच्या आजूबाजूस फार महत्त्वाचे मज्जातंतु आहेत. ओठाचा कोपरा हलविणारा, जिभेला स्पर्शज्ञान देणारा व जीभ हलविणारा असे तीन मज्जातंतु जबड्याखालील ग्रंथीला लागून जातात. कानापुढील ग्रंथीच्या तर पोटांतूनच चेहऱ्याचा मुख्य मज्जातंतु शाखा फोडीत जातो; त्यास इजा झाली तर डोळा मिटत नाहीं आणि हसतांना तोंड वांकडें होतें. निष्णात शस्त्रवैद्य हे तंतु जपतात. तरी धोका उरतोच, आणि मानेवर व्रणहि राहतो.

एकदां खडा झाला म्हणजे ती ग्रंथी कायमची निकामी झाली, अशी तेव्हां समजूत होती. परंतु काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासल्या तेव्हां त्यांतील पुष्कळांची रचना बरीच शाबूत आढळली. म्हणजे झरा आटलेला नव्हता, केवळ वाट बुजली होती. वाट मोकळी केली तर झरा पुन्हा वाहूं शकेल, हा विचार येथून बळावला.

दुर्बिणीची वाटचाल

शरीराच्या आंत डोकावण्याची खटपट जुनी आहे. १८०६ सालीं जर्मनींतील फ्रांकफुर्ट येथील वैद्य फिलिप बोझिनी ह्यांनीं मेणबत्ती व आरसा ह्यांच्या साह्यानें शरीराच्या पोकळ्या पाहण्याचें एक उपकरण केलें. १८७९ सालीं मॅक्स निट्झे ह्यांनीं मूत्राशय पाहण्याची दुर्बीण पुढें आणिली. परंतु ह्या सर्व नळ्या सरळ व जाड होत्या.

पुढील मोठें पाऊल टाकण्यांत एका भारतीयाचा हात आहे. पंजाबांतील मोगा गांवीं १९२६ सालीं जन्मलेले नरिंदर सिंग कपानी हे लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत प्राध्यापक हॅरोल्ड हॉपकिन्स ह्यांच्या हाताखालीं संशोधन करीत होते. केसासारख्या बारीक कांचतंतूच्या एका टोंकांतून शिरलेला प्रकाश आंतल्या आंत परावर्तन पावत दुसऱ्या टोंकास निघतो. असे हजारों तंतु एकत्र बांधले तर त्यांतून चित्र नेतां येतें, आणि जुडगा वांकविला तरी चित्र मोडत नाहीं. हें ह्या दोघांनीं १९५४ सालीं ‘नेचर’ ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. कपानी २०२० सालीं वारले. प्रकाशाच्या परावर्तनाचा जो नियम तुम्ही पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत पाठ करतां, त्याचें हें फळ आहे.

हे तंतु पुढें इतके बारीक झाले कीं, सबंध दुर्बीण एका मिलिमीटरहून कमी जाडीची करतां आली. १९९० सालाच्या सुमारास जर्मनी व फ्रान्स ह्या देशांतील वैद्यांनीं अशी दुर्बीण लाळेच्या नळींत घातली. पॅरिसचे फिलिप काट्झ हे त्यांतील एक अग्रणी होत. १९९४ सालीं इस्राएलांतील ओडेड नहलिएली ह्यांनीं कडक बनावटीच्या सूक्ष्म दुर्बिणीनें केलेले उपचार प्रसिद्ध केले. त्यानंतर स्वित्झर्लंडांतील जिनीव्हा येथें फ्रान्सिस मार्शाल ह्यांनीं किंचित् लवचीक अशी दुर्बीण वापरून ह्या पद्धतीस व्यवस्थित रूप दिलें व देशोदेशींच्या वैद्यांस ती शिकविली. इकडे जर्मनींतील हाइनरिख इरो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शरीराबाहेरून ध्वनीच्या आघातलहरी सोडून लाळेचे खडे फोडण्याची रीत काढिली; तिचें वृत्त १९९२ सालीं ‘लॅन्सेट’ पत्रांत आलें. स्टेन्सेनची सळई ग्रंथीकडून दांतांकडे आली होती. नवी दुर्बीण दांतांकडून ग्रंथीकडे निघाली.

शस्त्रक्रिया कशी होते

रोग्यास जागेपुरती किंवा पूर्ण भूल देतात. लहान मुलांस बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते. मग भिंगांतून पाहत नळीचें मुख हुडकितात. तें इतकें बारीक असतें कीं, ह्या कामांत पुष्कळदां सर्वांत अधिक वेळ तेथेंच जातो. मुखांत प्रथम अति बारीक, मग जरा जाड, मग त्याहून जाड अशा गुळगुळीत सळया क्रमाक्रमानें घालून तें सैल करितात. येथें घाई केली तर नळी फाटते. म्हणून धीर हेंच पहिलें हत्यार.

नंतर दुर्बीण आंत जाते. तिच्यांत तीन वाटा असतात. एकींतून प्रकाश जातो व चित्र येतें. दुसरींतून मिठाचें शुद्ध पाणी सोडून मिटलेली नळी फुगविली जाते. तिसरींतून हत्यार सरकवितां येतें. पडद्यावर नळीचें अंतरंग दिसूं लागतें: गुलाबी, ओलसर भिंती, त्यांवर बारीक रक्तवाहिन्यांची जाळी, पुढें वाट दुभंगून फांद्या फुटलेल्या. कोठें पांढुरकी गुठळी तरंगतांना दिसते, तर कोठें पिवळट खडा वाट अडवून बसलेला असतो.

खडा लहान व मोकळा असेल, म्हणजे साधारणपणें तीन-चार मिलिमीटरपर्यंत, तर बारीक तारेची मिटलेली टोपली त्याच्या पलीकडे नेऊन उघडितात, खडा तींत धरितात आणि टोपलीसकट हळूच बाहेर ओढितात. विहिरींत पडलेली घागर गळ टाकून काढावी तसाच हा प्रकार. खडा त्याहून मोठा असेल तर लेसर किरणांनीं किंवा सूक्ष्म हातोडीसारख्या यंत्रानें त्याचे तुकडे करून ते काढितात. फारच मोठा खडा असेल तर दुर्बिणीच्या उजेडानें त्याची नेमकी जागा ठरवून तोंडाच्या आंतून लहानसा छेद देतात व खडा काढितात. ग्रंथी जागच्या जागीं राहते.

खडा नसतांहि नळी आकसून अरुंद झालेली असूं शकते. तेथें लहानसा फुगा नळींत फुगवून वाट रुंद करितात व सूज उतरविणारें औषध आंत सोडितात. थायरॉइड ग्रंथीच्या कर्करोगावर किरणोत्सर्गी आयोडीन घेतलेल्या कांहीं रोग्यांस लाळग्रंथी सुजण्याचा त्रास होतो. त्यांसहि अशा धुण्यानें आराम पडल्याचीं उदाहरणें आहेत.

सोडलेल्या पाण्यामुळें गाल किंवा जबड्याखालील भाग एक-दोन दिवस सुजलेला दिसतो. तें पाहून पालकांनीं घाबरूं नये. बरेचसे रोगी त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं घरीं जातात. भरपूर पाणी पिणें, ग्रंथी हलक्या हातानें मागून पुढें चोळणें आणि वैद्यांच्या सल्ल्यानें आंबट पदार्थ चोखून लाळ वाहती ठेवणें, हें पथ्य सांगतात.

वारंवार येणारें ‘गालगुंड’

आतां पालकांसाठीं एक विशेष गोष्ट. गालगुंड हा विषाणूमुळें होणारा सांथीचा रोग असून तो बहुधा जन्मांत एकदांच होतो. त्यावर प्रतिबंधक लसहि आहे. तेव्हां एखाद्या मुलाला वर्षांतून तीन-चार वेळां गालगुंड झालें असें घरांत कोणी म्हणूं लागलें, तर तें गालगुंड नसण्याचा संभव मोठा आहे. कानापुढील ग्रंथीला पुनः पुनः सूज येण्याचा एक निराळा विकार मुलांस होतो. तो बहुधा तीन ते सहा वर्षांच्या वयांत सुरू होतो. कधीं एका बाजूस, कधीं दुसऱ्या बाजूस सूज येते, ताप येतो, मूल खात नाहीं, आणि कांहीं दिवसांनीं आपोआप बरें वाटतें. पुढें काहीं आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं पुन्हा तेंच. प्रत्येक वेळीं शाळा बुडते, आणि प्रत्येक वेळीं जंतुनाशक औषधांची नवी बाटली घरांत येते.

समाधानाची गोष्ट अशी कीं, बहुतेक मुलांत हा विकार वयांत येण्याच्या सुमारास आपोआप थांबतो. परंतु तोंपर्यंत वाट पाहणें जिवावर येतें. अशा मुलांच्या नळींत दुर्बीण घालून पाहिलें असतां भिंती निस्तेज, पांढुरक्या, रक्तवाहिन्यांची जाळी हरपलेल्या अशा दिसतात आणि चिकट गुठळ्या आढळतात. नळी मिठाच्या पाण्यानें स्वच्छ धुवून औषध सोडलें म्हणजे अनेक मुलांत सूज येण्याचे प्रसंग कमी होतात. प्रत्येक मुलाला ह्याची गरज असते असें नाहीं. पण हा मार्ग आहे एवढें तरी आईबापांस ठाऊक असावें.

फळ आणि मर्यादा

नव्या गोष्टीची स्तुति करतांना तिच्या मर्यादा लपवूं नयेत. २००९ सालीं वर सांगितलेल्या इरो व इतर वैद्यांनीं मिळून ४,६९१ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दुर्बीण, आघातलहरी व तोंडांतून दिलेला छेद अशा निरनिराळ्या सौम्य उपायांनीं त्यांवर उपचार झाले होते. शेंकडा सुमारें ऐशीं रोग्यांचे खडे पूर्णपणें गेले. ग्रंथी काढावी लागली ती शेंकडा सुमारें तिघांचीच. ज्या दुखण्यावर एके काळीं ग्रंथी काढणें हाच मोठा उपाय होता, त्यांत शंभरांपैकीं सत्त्याण्णव जणांची ग्रंथी वांचली, हें लहान यश नव्हे. पण शंभरांपैकीं शंभरांचें समाधान झालें असेंहि नव्हे. कांहींचे खडे अंशतः राहिले.

ग्रंथींत पू झाला असेल तर आधीं औषधांनीं तो शमवावा लागतो. त्या वेळीं दुर्बीण घातली तर सुजलेली नळी फाटण्याची भीति असते. ग्रंथीच्या गाभ्यांत रुतून बसलेला खडा दुर्बिणीच्या टप्प्यांत येत नाहीं. क्वचित् टोपलीच खड्यासकट अडकते. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, गांठीवर हा उपाय नाहीं. जेवणाशीं संबंध नसलेली, न दुखणारी, हळूहळू वाढणारी गांठ कानापुढें किंवा जबड्याखालीं दिसली, अथवा तिच्यासह चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटूं लागली, तर एक दिवसहि न दवडतां कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावें. न दुखणारी म्हणून ती निरुपद्रवी, असें मानणें घातक ठरतें.

ही विद्या आपल्या देशांतहि आली आहे. मोठ्या शहरांतील कांहीं रुग्णालयांत ती उपलब्ध आहे. घरीं मात्र सुईनें किंवा टांचणीनें जिभेखालचा खडा उकरण्याचा प्रयत्न कोणीं करूं नये.

विद्यार्थ्यांसाठीं एक प्रयोग

आरशासमोर उजेडांत उभे राहा. स्वच्छ बोटानें गाल बाहेर ओढून वरच्या दुसऱ्या दाढेसमोर पाहा; तेथें एक लहानसा उंचवटा दिसेल. स्वच्छ कापडानें ती जागा टिपून कोरडी करा, आणि जिभेच्या टोंकावर लिंबाचा एक थेंब घ्या. क्षणांत त्या उंचवट्यावर लाळेचा चकाकणारा थेंब उभा राहील. मग जीभ टाळूला लावून तिच्या खालच्या पडद्याच्या दोहों बाजूंस पाहा. तेथेंहि तसेच थेंब येतील. बावीस वर्षांच्या स्टेन्सेननें जी नळी शोधिली तिचें तोंड तुम्हीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें. आतां वहींत त्याची आकृति काढा, आणि घरांतील वडील माणसांस समजावून सांगा.

प्रेषित पौलानें करिंथ येथील मंडळीस शिकविलें कीं, देहाच्या ज्या अवयवांस आपण दुबळे समजतों त्यांचीहि देहास गरज आहे. तें त्यानें मंडळींतील माणसांविषयीं सांगितलें. पण देहाच्या बाबतींतहि तें अक्षरशः खरें ठरलें आहे. एक ग्रंथी काढली तर बाकीच्या आहेतच, असें शस्त्रवैद्य एके काळीं म्हणत. पुढें धीरानें व बारीक नजरेनें पाहणारे आले आणि त्यांनीं दाखविलें कीं, अवयव टाकून देण्यापूर्वीं त्याची वाट मोकळी करून पाहावी. वर्गांत मागें पडलेल्या मुलाविषयीं शिक्षकांनीं, आणि घरांत अबोल झालेल्या मुलाविषयीं आईबापांनीं, एवढा धीर धरला तर कितीतरी झरे पुन्हा वाहूं लागतील.